गुलाबी चाकांचं विमान

माझ्या दवाखान्यात, औजारांच्या कपाटावर, एक लढाऊ विमान उभं आहे. वीतभर लांब, मळकट हिरव्या आणि तपकिरी पट्ट्यांचं, दोन इंजिनांचं. जुन्या महायुद्धातलं हलकं बॉम्बर. त्याचं नाक सगळं काचेचं आहे आणि त्या नाकाची एक बाजू जरा खाली बसलेली आहे, दाढ काढल्यावर गाल बसतो तशी. बाकी सगळं हुबेहूब. पत्र्याचे जोड दिसतात, खिळ्यांची डोकी दिसतात, काचेच्या आत बसलेला नखाएवढा माणूसही दिसतो. फक्त चाकं गुलाबी आहेत. हिरडीसारखी गुलाबी. खुर्चीत आडवा झालेला प्रत्येक पेशंट वर बघतो आणि तोंडात माझी बोटं असताना काहीतरी विचारायला जातो. मी म्हणते, आधी चूळ भरा.

विमान माझ्या घरमालकांचं, त्यांनीच ते मला ठेवायला दिलं. सगळं कुसगाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायला लागले. खाली रस्त्याला लागून माझा दवाखाना, वर ते एकटे. आता ते नाहीत. त्यांच्या आधी त्यांची आत्ती गेली. लोक अजून त्यांच्याबद्दल काहीबाही बोलतात, चक्रम म्हातारा म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. चक्रम ते होतेच. पण तसं म्हणायचा हक्क माझा आहे, इतकी वर्षं त्यांच्या पायांखाली मी राहिलेय.

भाऊ रेल्वेत होते. घाटाच्या तोंडाशी सिग्नलच्या एका केबिनमध्ये बसून त्यांनी उभा जन्म खटके ओढले आणि गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला. रिटायर झाले तरी रेल्वे काही त्यांना सोडेना. जिना चढताना 'अप', उतरताना 'डाऊन'. जेवायला बसले की 'गाडी प्लॅटफॉर्मला लागली'. स्वयंपाकघरात जाण्याआधी उंबऱ्याशी थांबून विचारायचे, "लाईन क्लिअर?" पूर्वी बायको आतून "या" म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. उत्तर यायचं नाही, तरी ते विचारायचे, घटकाभर थांबायचे आणि मगच आत जायचे. मी हे जिन्यातून पाहिलं आणि हसायला आलं होतं, पण हसले नाही.

माझ्या पेशंटांचे तर त्यांनी हाल केले. दात काढायला येणारा माणूस आधीच अर्धमेला असतो. त्याने रस्ता ओलांडताना वर बघावं, तर सज्ज्यात एक म्हातारा गंभीर चेहऱ्याने हिरवा झेंडा धरून उभा. दोघेतिघे तर तिथूनच परत गेले. मी वर जाऊन भांडले.

"भाऊ, हा दवाखाना आहे. स्टेशन नाही."

"म्हणून काय झालं, डॉक्टरीणबाई? माणूस दारापर्यंत आला की त्याला कळायला नको, आत जागा आहे म्हणून? बाहेरच्या सिग्नलला ताटकळत उभं राहणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही माहीत."

"आणि लाल झेंडा? तो कुठे असतो?"

"कपाटात. गुंडाळून. तो नोकरीबरोबर संपला. आता या वयात कोणाला थांबवू? तशीही कोण येतंय?"

पण बाहेर निघाले की पिशवीत दोन्ही झेंडे असायचे. भाजीला गेले तरी. झेंड्यांची जोडी असते म्हणायचे, एकटा झेंडा घेऊन माणूस निघत नाही.

दुसरी तक्रार ढगांची. आमच्याकडे पावसाळ्यात ढग खिडकीपर्यंत येतात. शहाणा माणूस खिडकी लावतो. भाऊ उघडायचे. समोरची, मागची, जिन्यातली, सगळ्या. ढग त्यांच्या घरातून असा सावकाश चालत जायचा, जाताना सगळं ओलं करून. तो जिन्याने खाली माझ्याकडे यायचा. माझ्या प्लास्टरच्या पावडरीच्या गुठळ्या व्हायच्या, कापूस दमट, औजारांना गंज.

"भाऊ, खिडक्या!"

"आलाय बिचारा," ते वरून म्हणायचे. "बसू द्या घटकाभर. जाईल तो."

मी औजारं पुसत बसायचे.

आणि वरच्या त्या ढगात विमानं असायची. दिवाणखान्याच्या छताला मासे पकडायच्या दोऱ्याने टांगलेली. लाकडाची, प्लॅस्टिकची, पत्र्याची, कुठल्या कुठल्या लढायांमधली. ढग आत आला की दोरे दिसेनासे व्हायचे आणि ती सगळी आपापली तरंगत राहायची, जरा डुलायची, नाकं वळवायची. मी एकदा चहाचा कप हातात धरून त्यांच्या खाली बसले होते. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, घरातही फारसं दिसत नव्हतं. भाऊ कुठेतरी समोर बसले असावेत. मला वाटलं, आपणही जमिनीवर नाही आहोत. मी कप हळूच खाली ठेवून बघितला, तेव्हा टेबलाला लागला.

"छंद चांगला आहे तुमचा," मी म्हटलं.

"छंद?" ढगातून आवाज आला. "ही आत्तीनं नापास केलेली आहेत."

मग त्या संध्याकाळी त्यांनी मला आत्तीची गोष्ट सांगितली.

आत्ती म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. भाजे गावाच्या वर, किल्ल्याच्या पायथ्याला, त्यांची वस्ती आहे. आत्ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आली, आणि भाऊंची आई त्यांच्या जन्माच्या वेळी गेली, म्हणून भाऊंना तिनेच वाढवलं. आता ती नव्वदीला टेकली होती, डोळे गेले होते, चुलतभावाच्या कुटुंबात तिथेच राहत होती.

महायुद्धाच्या वेळी ती अगदी बारकी पोर. उन्हाळा संपत आला की आमच्या मावळात राब भाजतात. भाताची रोपं जिथे टाकायची त्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात, म्हणजे माती भाजून निघते. मोठी माणसं खाली गेली होती आणि राबाचा जाळ पसरू नये म्हणून हिला राखणीला बसवलं होतं. संध्याकाळ होत आलेली. घाटातून वळवाचे ढग वर चढले आणि सगळं झाकून गेलं. आणि ढगाच्या वर घरघर सुरू झाली. एक विमान वाट चुकलं होतं. ते गोल गोल फिरत राहिलं. मग तिच्या जाळाच्या उजेडावर ते खाली आलं, इतकं खाली, की तिला त्याचं काचेचं नाक दिसलं, एका बाजूला बसलेलं, आणि काचेत माणूस दिसला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ते पुन्हा वर गेलं, पुन्हा फिरलं, आणि मग डोंगरावर आपटल्याचा आवाज आला.

तिघं होते त्यात. गोऱ्या सोजिरांनी येऊन सगळं उचलून नेलं, पत्र्याचा तुकडाही ठेवला नाही. वस्तीवरच्या लोकांनी तिथे तीन दगड उभे केले, शेंदूर लावला. अवचित मेलेल्या माणसाचा वीर करून त्याला पूजायची तिकडे रीत आहे. घरचा असो की परका, आपल्या डोंगरावर मेला तो आपला वीर.

"पण आत्तीच्या मनातून ते गेलं नाही," भाऊ म्हणाले. "तिचं म्हणणं, त्यांना मी बोलावलं. जाळ बघून त्यांना वाटलं, इथे कोणीतरी आहे, इथे उतरायला जागा आहे. आणि मी जागा दिली नाही. तेव्हापासून ढग खाली आला की तिला ती घरघर ऐकू येते. ते अजून वर फिरतायत म्हणते. अंगणात जाळ करून बसते. ढग उठेपर्यंत पाठ टेकत नाही. मी तिच्या मांडीवर जागलोय किती वेळा."

"कुठे नोंद असेलच की," मी म्हटलं. शिकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

"विचारलं. जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारलं. कोणाला काही माहीत नाही. आमच्याकडे धुक्यात रुळावर फटाका ठेवायचे. इंजिन त्यावरून गेलं की वाजायचा, ड्रायव्हरला कळायचं पुढे सिग्नल आहे. आकाशात कुठे ठेवणार फटाका?"

आत्तीची एकच इच्छा राहिली होती. जायच्या आधी त्या तिघांना खाली उतरवायचं, हाताने, आपल्या जमिनीवर. वीराला देवळात मातीचा घोडा वाहतात, तसं या वीरांना त्यांचं विमान द्यायचं आणि ते त्यातून उतरलेले आपण ऐकायचे. मग ती मोकळी. भाऊंना तिला मोकळं करायचं होतं. ती अशी जागता जागताच मेली, जाळाशेजारी, तर मग आपण कसले केबिनमन, असं ते म्हणायचे. आणि आत्ती अलीकडे वारंवार आजारी पडत होती.

म्हणून ती सगळी विमानं. जिथे मिळेल तिथून एकेक आणून भाऊ वस्तीवर न्यायचे. आत्ती ते मांडीवर घेऊन चाचपायची. नाकापाशी बोट थांबायचं. "ह्ये न्हवं," म्हणायची. मग भाऊ ते परत आणून टांगायचे.

मग एके दिवशी परदेशातून खोकं आलं. भाऊंनी ते फोनवर चित्र बघून मागवलं होतं. भरीव धातूचं, एकास बहात्तर मापाचं, मोजक्याच प्रती काढलेलं. खोक्यावर मोठं इंग्रजी नाव होतं, ते मला अजून नीट म्हणता येत नाही, आणि खाली सूचना होती की ही संग्राहकांसाठीची वस्तू आहे, खेळणं नव्हे. भाऊंनी खोक्याला हळदकुंकू लावलं, आणि मला म्हणाले, चला. रविवार होता, दवाखाना बंद. मी म्हटलं, बघू तरी ही परीक्षक बाई.

आत्ती म्हणजे वाळलेल्या शेंगेएवढी होती. ओसरीवर पाय पसरून बसली होती. भाऊंची वहिनी आतून म्हणाली, "आलं का आणिक एक इमान?" आणि हसत चहा टाकायला गेली. आत्तीने माझा हात धरून विचारलं, "ही कोन?"

"दाताच्या डॉक्टर हायेत, आत्ती. आपल्या घरात खाली ऱ्हात्यात."

"उशीर केलास बाय," ती मला म्हणाली आणि बोळकं उघडून दाखवलं.

भाऊंनी विमान तिच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं शेपटीपासून निघाली, पाठीवरून, पंखांवरून, इंजिनांवरून सावकाश पुढे आली. नाकापाशी आली. बसलेल्या बाजूवरून एकदा गेली, परत गेली. तिसऱ्यांदा ती तिथेच राहिली. आत वहिनीच्या हातातलं भांडंही वाजायचं थांबलं.

"ह्येच," आत्ती म्हणाली. "ह्या काचंत व्हता त्यो."

भाऊंनी डोळे पुसले. मी छताकडे बघत राहिले. तेवढ्यात आत्तीने विमान उलटं केलं आणि पोट चाचपलं.

"पर लेका, ह्याला पाय कुटं हाईत?"

पाय नव्हते. ते उडत्या स्थितीतलं विमान होतं. चाकं पोटात ओढून घेतलेली, वर झाकणं बंद, आणि खाली टेकवायला काचेची दांडी. संग्राहकांना ते तसंच आवडतं म्हणे.

"पाय न्हाईत तर उतरंल कसं?" आत्तीने विचारलं. "तवाबी पाय पोटात व्हतं त्याचं. मी बगितलं की. मी जागा दिली असती तर काडलं असतं त्यानं."

परत येताना भाऊ मळवलीपर्यंत विमान उलटं धरून त्याचं पोट चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तर बाकावर पेशंटांच्या रांगेत भाऊ. मांडीवर रुमालात गुंडाळलेलं विमान. मी म्हटलं, "हे काय?" ते म्हणाले, "नंबर येऊ द्या." नंबर आला तेव्हा ते खुर्चीत आडवे झाले, गळ्यात फडकं बांधून घेतलं आणि विमान छातीवर उलटं ठेवलं.

"पोटात पाय आहेत," म्हणाले. "बाहेर काढायचेत."

"भाऊ, मी दातांची डॉक्टर आहे."

"अक्कलदाढ हाडात अडकलेली असते ती तुम्ही काढता ना? मग हे काय वेगळं आहे?"

मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, आरडाओरडा केला नाही. उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत बाकावर. तिसऱ्या दिवशी परत. बाकीचे पेशंट विचारायला लागले की विमानाला काय झालंय. शेवटी मी कंटाळले, आणि खरं सांगायचं तर मलाही रात्री डोळे मिटले की ती बोटं दिसत होती, पोटावरून फिरणारी. दुपारच्या वेळी दार लावून घेतलं आणि दिवा विमानाच्या पोटावर ओढला.

धातू चिवट होता. बारीक टोकाने चाकांची झाकणं कोरून काढायला किती दुपारी गेल्या कोण जाणे. ड्रिल सुरू झालं की भाऊ तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "दुखत नसेल ना त्याला?" मी म्हटलं, "बधिर केलंय." ते खरंच जरा सैल बसले. पाय केले दात सरळ करायच्या तारेचे. चाकं करायला माझ्याकडे होता फक्त कवळ्यांचा मसाला, आणि तो गुलाबीच येतो. पुढची दोन मोठी आणि शेपटीखाली एक मुगाएवढं. घासून, गुळगुळीत करून बसवली. विमान माझ्या ट्रेमध्ये पहिल्यांदा आपल्या पायांवर उभं राहिलं, आणि तो गुलाबी रंग बघून मला हसू आवरेना.

"काळा रंग देते थांबा."

"नको," भाऊ म्हणाले. "नवीन पाय आहेत. नवजात गुलाबीच असतं." मग ते विमान ट्रेमध्ये बोटाने मागेपुढे करत बसले. ते चालत होतं.

खोकं परत भरताना आणखी गंमत झाली. भाऊंनी विमानाखालचा थर्माकोल कधी उचललाच नव्हता, कारण त्यावर हळदकुंकू पडलेलं. तो मी उचलला, तर खाली लहानशा पिशवीत तयार पाय आणि काळी चाकं होती. कंपनीनेच दिलेली, पाहिजे तर झाकणं काढून लावा म्हणून. बोटांना फोड आले होते माझ्या. भाऊंनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि परत थर्माकोलखाली ठेवून दिली.

"असू द्या. ती कारखान्यातली. ही तुम्ही केलेली. आत्तीनं तुमचा हात धरलाय."

यावर मी चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही.

विमान उतरवायचा दिवस आत्तीने ठरवला, राब भाजायचा तोच. जागाही तिनेच ठरवली, खळं. वहिनीने कपाळाला हात लावला. भात झोडायचं खळं कापणीनंतर सारवतात, उन्हाळ्याच्या शेवटी खळं कोण सारवतं? पण आत्ती ऐकेना, म्हणून वस्तीवरच्या बायकांनी हसत हसत शेणाने ते गोल अंगण सारवलं. भाऊंनी मळणीचा मधला खांब उपटायला लावला. "धावपट्टीत खांब?" म्हणाले. वहिनी म्हणाली, "धावपट्टी गोल असतीया व्हय?" तरी उपटला.

मी पोहोचले तेव्हा ऊन उतरत होतं. खालच्या वाफ्यांमधून राबाचा धूर निघत होता, आणि घाटाच्या बाजूने पहिले ढग चढायला लागले होते. किल्ल्यावर गेलेली पुण्या-मुंबईची माणसं पायवाटेने परत येत होती, त्यांची गाणी लांबून ऐकू येत होती. आत्तीला खळ्याच्या कडेला घोंगडीवर बसवलं होतं. तिच्याजवळ छोटा जाळ. ती एकेक काटकी चाचपून त्यात सारत होती.

भाऊंनी पिशवीतून हिरवा झेंडा काढून माझ्या हातात दिला.

"मी? मी कशाला?"

"मी तर विमानाबरोबर असणार. मग सिग्नल कोण देणार? हात ताठ धरा. झेंडा डगमगला की ड्रायव्हर गोंधळतो." आणि विमान उराशी धरून ते वर निघाले, तीन दगडांकडे. चढावर त्यांना दम लागायचा, तसा लागत होता. वळणावर एकदा थांबले, मग दिसेनासे झाले. थोड्याच वेळात ढग आला आणि डोंगरही दिसेनासा झाला. मग खळ्याची पलीकडची कड गेली. मग वहिनी गेली. जाळाचा एक तांबूस ठिपका, त्याच्याशी आत्ती, आणि हातात हिरवा झेंडा घेतलेली मी, एवढंच जगात उरलं. धूर आणि ढग एक झाले होते, जमिनीला शेणाचा ओला वास होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला माझं हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती, की काहीच होणार नाही आणि ही म्हातारी अशीच बसून राहील.

वर घरघर सुरू झाली.

भाऊ तोंडाने आवाज काढत होते. मला माहीत होतं. सत्तरी उलटलेला माणूस डोंगर उतरत ओठ मिटून घुमत होता, एवढंच होतं ते. पण ढगात आवाजाची दिशा कळत नाही. तो डोक्यावरून आला, मागून आला, लांब गेला, पुन्हा वळला. ते बांधाबांधाने गोल फिरत उतरत होते. आणि मग आवाज तुटायला लागला. दम लागल्यामुळे घुमता घुमता मध्येच बंद पडायचा, खोकल्यासारखा अडकायचा, परत सुरू व्हायचा. मला वाटलं, संपलं. आता तिला कळणार.

आत्ती ताठ बसली. "व्हय," ती म्हणाली. "असंच. असंच व्हतं. एक इंजान थांबून थांबून चालत व्हतं."

हे तिने भाऊंना कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर भाऊ म्हणाले, मला नुसता दम लागला होता.

"बाय, झेंडा हाय न्हवं हातात?" तिने मला विचारलं.

"आहे, आत्ती."

"दाखिव त्यांला. जागा हाय म्हनून सांग."

मी झेंडा वर धरला. माझा हात कधी एवढा ताठ नव्हता. ढगातून आधी विमानच आलं, काचेचं नाक पुढे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तरंगत. त्याच्या मागे भाऊ नंतर दिसले. ते वाकले, विमान हळूहळू खाली आणलं, आणि गुलाबी चाकं सारवलेल्या जमिनीला लागली. भाऊंनी हात सोडला. ते स्वतःचं स्वतः थोडं चाललं, बारीक खरखर करत, आणि आत्तीच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबलं.

भाऊंची घरघर बंद झाली. कुठेच काही वाजेना.

"आले?" आत्तीने विचारलं.

"आले, आत्ती."

"तिगंबी?"

"तिगंबी."

तिने शेजारचा तांब्या चाचपला. बाहेरून आलेल्या माणसाच्या पायावर घालतात तसं तिने चाकांवर पाणी घातलं, एकेका चाकावर, सावकाश. "लय दमला आसाल," ती म्हणाली. "लय येळ लागला मला. बारकी व्हते मी. मला काय ठावं, तुमाला येवढी जागा लागती." मग तिने तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या हाताने जाळावर ओतलं. जाळ चरचरला आणि विझला.

आणि ती तिथेच घोंगडीवर आडवी झाली. ढग तसाच खाली होता. वहिनी घाबरून धावली, मी नाडी धरली. नाडी छान चालली होती. आत्ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "ढगात झोपलेली म्या पयल्यांदाच बगतीय."

पायवाटेवर गाण्याचा आवाज वाढला. किल्ल्यावरून उतरणारं पोरांचं टोळकं होतं, पाठीवर मोठा स्पीकर, आणि वाट खळ्याला लागूनच जात होती. मी त्यांना ओरडून गप्प करणार होते, पण ओरडून कसं गप्प करणार? मी भाऊंकडे पाहिलं. ते अजून धापा टाकत होते. त्यांनी पिशवीत हात घातला, लाल झेंडा बाहेर काढला, त्याची घडी उलगडली आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

पोरं ढगातून आली आणि समोर ते बघून जागच्या जागी थांबली. एकाने स्पीकर बंद केला. त्यांच्या मागे आणखी माणसं आली, तीही थांबली. बायका, मुलं कडेवर घेतलेले बाप, सगळे त्या वाटेवर गुपचूप उभे होते, आणि भाऊ हात ताठ करून, आत्तीकडे पाठ करून.

ढग उठेपर्यंत त्यांनी तो झेंडा खाली घेतला नाही.